ड्वेनची शेवटची सहल

फ्लोरिडातल्या कोर्टाबाहेर, माझ्याच बाकावर एक म्हातारे भाऊबहीण पुकाऱ्याची वाट बघत होते.

“मर्ल, जजसाहेबांपुढे शहाणपणा करू नकोस.”

“शववाहिनीची किल्ली गाडीतच होती, वांडा.”

“गाडीत आपला भाऊ होता, ड्वेन! लोक चर्चमध्ये ताटकळले, आणि तू मयत घेऊन तळ्यावर!”

“मी त्याला शब्द दिला होता, एकदा मासे धरायला नेईन म्हणून.”

“मेल्यावर?”

“आधी डॉक्टर सोडत नव्हते.”

“आणि पोलीस आले तेव्हा पेटीचं झाकण उघडं कसं?”

“सूर्य मावळत होता. त्याला नको दिसायला?”

ती त्याची कॉलर सारखी करत म्हणाली, “मेल्या, मला का नाही बोलावलंस?”

“तू अडवलं असतंस.”

“अडवलं असतं. आणि मग गळ घेऊन मागोमाग आले असते.”