काहीही टाइप करा

हसू नका, पण कॉम्प्युटरला एकटेपण सोसत नाही, हे मला पेन्शनीत निघाल्यावर कळलं. मुलगा अमेरिकेला जाताना डोंबिवलीच्या घरात त्याचा कॉम्प्युटर ठेवून गेला. त्यात विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि ते एका फ्लॉपीशिवाय सुरूच व्हायचं नाही. त्या फ्लॉपीला बुरशी आली. मशीन चालू होतं तोवर नवी फ्लॉपी करून घ्यायची होती; मध्येच लाइट गेले असते तर मुलाची ईमेल बंद.

त्याने फोनवर सांगितलं तसं केलं. काम निम्म्यावर येऊन थांबलं. मी समोर हाताची घडी घालून बसलो. संध्याकाळपर्यंत मशीन ढिम्म. शेवटी त्याला आयएसडी लावला.

"बाबा, कीबोर्डला हात लावताय ना?"

"छे! मशीन चालू असताना हात लावायचा नाही, हे तुला मीच शिकवलंय."

"अहो, ते त्यासाठीच अडलंय! त्याला फ्लॉपीवरची किल्ली म्हणून एक गुप्त आकडा बनवायचाय, तो तुम्ही बटणं कशी दाबता त्यावरून बनतो. काहीही टाइप करा."

"काहीही म्हणजे काय?"

"ते कुणी वाचणार नाहीये, बाबा. ठेवतो, मीटिंग आहे."

मग मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत बसलो. माझा गुडघा, शेजारचे नाना गेले ते, त्याच्या आईच्या साड्यांचं आता काय करायचं ते. मान वर केली, तर फ्लॉपी केव्हाच तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची ईमेल आली. "फ्लॉपी झाली? बाकी काय विशेष?"

मी कळवलं, "झाली. बाकी विशेष काही नाही."