मरीआईचा पाट

चि. निनाद, गिटारचा आवाज फुगवायला तू घरी बनवलेली पायानं दाबायची पेटी घरघर करते आणि तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात, असं तू फोनवर म्हणालास. मी ते शेजारच्या सुमनबाईंना सहज सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. १९६०च्या दशकात वणीला त्यांच्या घरी अशीच एक पेटी होती. त्या बोलल्या तसंच उतरवून पाठवते आहे. बोली त्यांचीच ठेवली आहे. तू आणि सौ. रेवा, दोघं मिळून वाचा.

माह्यं माहेर झरीकडलं बाई, जंगलाले लागून. बाप जंगलात बांबू तोडे, माय मोहफुलं वेची, अन् मी बकऱ्यांच्या मांगं गात फिरो. गाणं मले कोनी शिकवलं नाही. छप्पन साली लगन झालं, वणीले आली. नवरा कापसाच्या जिनिंगमधी कामाले, घरात एक सासू. हळद अंगावरून उतरली नाही तं वस्तीतले लोक नागपूरहून दीक्षा घेऊन आले, अन् आमच्या यायनं सांगतलं, आता घरातले देव राह्यचे नाहीत. सासूचा हात काही उठेना. मरीआई तिची, चाळीस वर्सं तिनं तिले शेंदूर लावलेला. मंग मलेच म्हने, तू नवी हायेस, तुले तिची सवय नाही, तू ने. मी टोपल्यात घेतली अन् निर्गुडा नदीच्या डोहात सोडली. काय सांगू तुम्हाले, गोटा बुडाला तं एक बुडबुडा वर आला. सासू काठावर उभी होती. बोलली नाही. घरी आली, कोनाडा सारवला अन् तिथं पान्याचा लोटा ठेवून देला.

दोन वर्सांनी पयला पोरगा झाला, तो सव्वा महिन्यात गेला. तेव्हाबी सासू बोलली नाही. तिनं बोललं असतं तं बरं झालं असतं, बाई. न बोललेलं घरात फिरत राह्यते.

मंग यायले गायनपार्टीचा नाद लागला. बुद्धाची गानी म्हनाची, गावोगाव जाचं. मी बेंजो शिकली. बेंजो म्हंजे तुमच्या नातवाच्या गिटारीसारखा नाही, पुढ्यात आडवा ठेवाचा, एका हातानं बटनं दाबाची अन् दुसऱ्यानं तारा छेडाच्या. पन त्याचा आवाज ढोलकीखाली दबे. तं यायनं काय केलं, जुन्या रेडिओचं पोट काढून तेलाच्या डब्यात बसवलं, बेंजोच्या खाली आवाज धराले टेलिफोनचं कानाले लावाचं भोंगाडं चिपकवलं, अन् शिलाई मशीनचं लोखंडी पायदान कापून असं जोडलं का अंगठ्यानं दाबलं का आवाज फुगे, खरखरीत होये, जसा कव्वालाचा गळा बसते तसा. वस्तीत लाइन नवीनच आलती. आमच्या घरी एक बल्ब अन् एक पिन लावाची जागा, बस. पेटी कुठी ठेवाची? पिन कोनाड्यापाशी, तं पेटी कोनाड्याखाली. जिथं मरीआई बसे तिथं.

तेव्हा मले पुन्हा दिवस गेलते, पाचवा महिना. दुपारी मी जमीन सारवली, हात धुतले, बेंजो पुढ्यात घेतला, पायदानावर अंगठा ठेवला अन् तारेले बोट लावलं. बाई, कोनं तरी आतून दात लावले. खांद्यापावतर. मी बेंजो लोटून देला अन् पोट धरून भितीले टेकली. पेटी घुंऽऽ करून राह्यली, थांबेच ना. सासू चुलीपासून उठली, पेटीकडं पाह्यलं नाही, कोनाड्याकडं पाह्यलं. म्हने, मले ठाऊक होतं.

हे कामावरून आले, बाजेवर मांडी घालून बसले, पेटी वर घेतली, पायदान हातानं दाबलं, बेंजो वाजवला. काहीच नाही. म्हने, तुह्या मनाचा खेळ हाये. मी पुन्हा बसली तं पुन्हा चावलं. मंग त्यायनं वायर बदलली, कथलाचे डाग पुन्हा देले, जोडाले रबर गुंडाळलं. त्यायले नाही चावे, मलेच चावे. एका दुपारी आमी दोघायनं पेटी उचलून बजारात रशीदचाचाच्या दुकानी नेली. चाचा रेडिओ दुरुस्त करे, टायरच्या चपला घालून लाकडाच्या फळीवर बसे. त्यानं वाजवली, मी वाजवली, तिथं पेटी गाईसारखी गरीब. घरी आनली का चावे. सासू म्हने, पाह्यलं? खोट पेटीत नाही, खोट घरात हाये. अन् चावते कोनाले? जिनं बुडवलं तिले.

मंग भेव असं बसलं का मी त्या कोपऱ्यात झाडू मारनं सोडलं. पोटातलं हाललं नाही का मी हात लावून पाहो. पान्याच्या लोट्यातबी मले बुडबुडे दिसत. सासू म्हने, पौर्णिमेच्या आत डोहाकाठचा एक गोटा आना, कोपऱ्यात ठेवा, कोनी पाह्यत नाही. नाहीतं मी पुसदले लेकीपाशी जातो, ह्या घरात दुसरं लेकरू जाताना मले पाह्यनं नाही. अन् बाई, खरं भेव मले कवा वाटलं सांगू? हे, ज्यायनं अख्ख्या वस्तीले शपथ देलती, ते जेवता जेवता खाली मान घालून म्हने, एक गोटा ठेवला तं काय बिघडते? तेव्हा मले वाटलं, आता आमचं काहीच राह्यलं नाही. जुनंबी गेलं अन् नवंबी चाललं.

मी म्हनलं, एकडाव चाचाले घरी बोलवा. मंग काय ठेवाचं ते ठेवा.

चाचा आला. दारात चपला काढल्या. सासूनं बाज पुढं केली, तो म्हने, नको भाभी, काम नीचे का हाये. सकाळीच सारवलेल्या ओल्या जमिनीवर उकीडवा बसला, पेटीले हात लावला अन् या अल्ला करून असा मांगं पडला का टोपी चुलीपाशी गेली. सासूनं तोंडाले पदर लावला. चाचा हात झटकत उठला, मिश्या पुसल्या अन् म्हने, क्यों भाभी, मैंने तुम्हारी देवी कब डुबाई?

मले हसू आलं, बाई, अन् त्यातच रडू आलं.

मंग त्यानं थैलीतून दोन वायरी लावलेला बारका बल्ब काढला. एक वायर पेटीच्या पत्र्याले लावली, दुसरी एका खिळ्याले गुंडाळून खिळा नाहनीपाशी चिखलात खुपसला. बल्ब लागला. मातीत बल्ब लागला! डब्यात करंट उतरून राह्यला होता, अन् ओल्या जमिनीवर उघड्या पायानं जो बसन त्याच्यातून तो खाली जाये. हे बाजेवर बसत. चाचा फळीवर बसे. त्याच्या दुकानात मीबी चपला घालूनच बसली होती. पन घरात सासूसमोर सुनेनं बाजेवर बसाचं नाही, म्हनून मी जमिनीवर, तेबी माह्याच हातानं सारवलेल्या. चाचानं पिन उलटी करून लावली, बल्ब विझला. म्हने, आत एक ट्रान्सफार्मर टाकाच लागते, तवरीक पिन अशीच लाव, निशान कर. घरात कुंकू तं नव्हतं, मी निळीचा ठिपका लावला. अन् म्हने, बेटी को लकडी पे बिठाव. पेट से हाये, खाली जमीन पे नही.

लाकूड कुठलं आनाचं? हे दाराची फळी काढाले निघाले. तवरीक सासू उठून कनगीच्या मांगं गेली, पोत्यांत हात घातला अन् पाट काढला. शेंदराचे डाग तसेच. मरीआईचा पाट. देव गेले त्या दिवशी तिनं लपवलेला, आमाले कोनालेच ठाऊक नव्हता. तिनं तो पदरानं पुसला अन् माह्यापुढं ठेवला. बस, म्हने.

करंटाचं भेव गेलं अन् पाटाचं आलं. मी म्हनलं, आत्याबाई, ह्याच्यावर कशी बसू?

म्हने, बस. मी तिले सांगतलं हाये.

कवा सांगतलं, कुठी सांगतलं, मी इचारलं नाही. डोळे मिटून बसली, अंगठा दाबला, तारेले बोट लावलं. नुसता सूर निंघाला. सासू चुलीपाशी बसून शेवटपावतर आयकत राह्यली. गोट्याचं नाव पुन्हा तिनं काढलं नाही, पुसदलेबी गेली नाही. लेक झाली तं तिची नाळ तिनंच कापली.

ती लेक आता नागपुरात आजी झाली. बेंजो गेला, पेटी गेली, सारे मानसं गेले. पाट हाये. धुन्याच्या मशीनपुढं ठेवला. मशीनले हात लावाच्या पयले आजबी मी पायानं चाचपून पाह्यतो, पाट हाये का खाली. इतक्या वर्सांत भेव काही पुरं गेलं नाही. जाऊबी नये.

तुमच्या नातवाले सांगा, मुंग्या आल्या तं मनाचा खेळ म्हनू नको बाबा. पयले पिन काढ, जानत्या मानसाले दाखव. अन् मंग वाजव, लय वाजव, सुखी राह्य. फक्त पाय कोरडे ठेव.