डाव्या हाताला मुंबई

— नाही, ती खुर्ची हलवू नका, ती खिडकीशीच असते. तुम्ही या स्टुलावर बसा. तर मी काय सांगत होते — खोली दहा बाय बारा आहे, खिडकी पूर्वेला आहे, सकाळचा उजेड थेट टेबलावर येतो, आणि भाड्याचं आपण मागाहून बोलू, कारण भाड्याच्या आधी माणूस पाहावा अशी माझी पद्धत आहे. तुम्ही दारात ‘रूम बघायला आले’ म्हणालात. खोली म्हणा. आपल्याकडे शब्द आहे, आणि चांगला आहे. घाबरू नका, रागानं नाही सांगत. चौतीस वर्षं शाळेत काढली मी, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून — चिंचवडात कुणालाही विचारा, ‘मोठ्या बाईंचं घर’ म्हटलं की इथंच आणून सोडतात — आणि निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी जीभ काही निवृत्त व्हायचं नाव घेत नाही. भोसरीच्या कंपनीत टेलिफोनवर बसता म्हणालात ना? उत्तम. म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय आहे.

नियम थोडेच आहेत. टेबल आहे तिथंच राहील. भिंतीत नवा खिळा ठोकायचा नाही. आणि त्या खिळ्यावर — हो, तोच, कापड टाकलेला — तिथं जे टांगलेलं आहे ते उतरवायचं नाही, पुसायचं नाही, कापडही काढायचं नाही. का म्हणजे? धूळ बसते म्हणून. पाटी लावून दोन महिने झाले, तुम्ही आठव्या. एकीजवळ रेडिओ होता. एकीला भिंतीवर कॅलेंडर हवं होतं. एक बाई तर पाय धुतले न धुतले तोच ‘टेबल या बाजूला घेऊ’ म्हणाल्या — त्यांना मी चहासुद्धा विचारला नाही. शालनबाई — माझ्याकडे भांडी घासायला येतात त्या — परवा म्हणतात, ‘बाई, तुमाला भाडेकरू नगंच हाय. तुमाला निसती पाटी लावायची हाय.’ त्यांचं काय ऐकायचं! मला भाडेकरू हवा आहे. संध्याकाळी कंपन्यांचे भोंगे झाले की या रस्त्यानं सायकलींचा लोंढा जातो, पाऊण तास नुसत्या घंटा — आणि त्यातली एकही सायकल या दाराशी थांबत नाही. थांबावी असं माझं म्हणणं नाही. वस्तुस्थिती सांगितली.

कोण राहायचं इथं? पद्मजाबाई. माझ्या शाळेच्या चित्रकला शिक्षिका. त्रेसष्ट साली आल्या, एक ट्रंक आणि चित्र काढायची तिपाई घेऊन. नवऱ्यानं घराबाहेर काढलं होतं — यात लपवण्यासारखं काही नाही, लाज त्यानं वाटून घ्यायची. शाळेत नेमणूक झाली, पण एकट्या बाईला खोली कोण देणार? मी म्हटलं, माझ्याकडे एक आहे, जागा होईतो राहा. जागा होईतो म्हणता म्हणता चौदा वर्षं झाली. सकाळी त्या चहा करायच्या, मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. भाजी त्या निवडायच्या, कारण मला अळी दिसत नाही. हिशेब — नाही, हिशेब कुणीच ठेवला नाही, एका डब्यात दोघींचे पगार. घरातसुद्धा मला ‘मोठ्या बाई’च म्हणायच्या. मी म्हटलं होतं एकदा, घरात तरी नावानं हाक मारा. तर म्हणाल्या, ‘तुमचं नाव तोंडात आलं की मला हसू येतं.’ अशा होत्या. — आहेत. आहेत म्हणायला हवं. माणूस हयात आहे.

मग गेल्या का? तुम्ही टेलिफोनवाल्या नुसतं ऐकत नाही, मध्येच प्रश्नही करता. बरं. ऐका.

मी निवृत्त झाले तेव्हा सुरेंद्रचं पत्र आलं. सुरेंद्र म्हणजे माझा जुना विद्यार्थी, मुंबईत एका जहाज कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. हस्ताक्षर अजून तसंच, कुत्र्याच्या पायाचं. लिहितो — ‘बाई, तुम्ही आम्हाला मुंबईचं बंदर फळ्यावर दाखवलंत, आता मी तुम्हाला ते पाण्यावरून दाखवतो.’ त्याच्या क्लबची शिडाची नौका होती, यॉट म्हणतात तिला. फार तर आठ माणसं बसायची. खरं सांगू? चौतीस वर्षं मी ते बंदर शिकवलं — नैसर्गिक बंदर, खोल पाणी, गोद्या, धक्के — खडूनं फळ्यावर किनारा काढायची तो डोळे मिटूनही काढला असता — पण समुद्रावरून काही मी ते कधी पाहिलेलं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. वर्गातही नाही. तर आम्ही सहा जण निघालो, सत्याहत्तरचा जानेवारी, पहाटेची गाडी, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. आणि मी आदल्या आठवड्यात टाचण काढलं.

पाठटाचण माहीत नाही? अहो, शिक्षकानं वर्गात जाण्याआधी लिहून काढायचं असतं — आज काय शिकवणार, कोणत्या क्रमानं, कुठं प्रश्न विचारणार. टाचणाशिवाय मी एकही तास घेतलेला नाही. पोटात दुखत असताना नाही, नवीन शिक्षणाधिकारी येणार होते तेव्हा तर नाहीच. तर नौकेवरच्या मंडळींना कळावं म्हणून मी बंदराचं टाचण काढलं. अकरा मुद्दे. गेटवेपासून सुरुवात, ‘डाव्या हाताला’ नौदलाची गोदी आणि तिचा घड्याळाचा मनोरा, ‘डाव्या हाताला’ बॅलार्ड पिअर — असं उत्तरेकडे. नकाशा समोर ठेवून केलेलं, एकही चूक नाही. टाचणात नाही. पण त्या दिवशी वारा उत्तरेकडून होता, आणि शिडाची नौका वाऱ्यावर चालते हे मला माहीत असलं तरी टाचणाला माहीत नव्हतं. सुरेंद्रनं गेटवेवरून नौका सोडली ती सरळ दक्षिणेकडे. मी उभी राहिले, कागद उलगडला आणि म्हटलं, ‘डाव्या हाताला पाहा.’ सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे पाणी. नुसतं पाणी आणि एक बगळा — बगळा नसेल, समुद्रपक्षी. मुंबई उजव्या हाताला!

मग मी काय केलं असेल? — नाही, तुम्हाला नाही सुचणार, ते मास्तरणीलाच सुचतं. मी सगळ्यांना उलटं बसवलं. नौका पुढं चाललीय आणि आम्ही सहा जण पाठमोरे, तोंडं मागं — आणि आता मुंबई डाव्या हाताला! साहेबराव सर, आमचे गणिताचे, मुकाट्यानं वळून बसले आणि वहीत लिहूनही घ्यायला लागले. घड्याळाचा मनोरा कुठं दिसेना. मी म्हटलं, दुरुस्तीला उतरवला असेल. साहेबरावांनी लिहिलं — ‘मनोरा, दुरुस्ती.’ सुरेंद्र सुकाणू धरून शिडाकडे बघत राहिला. बाईंना ‘चुकलात’ असं कोण म्हणणार! मलाही कळत होतं — आता सांगायला हरकत नाही — तिसऱ्या मुद्द्यालाच कळलं होतं की काहीतरी उलटं झालंय. पण तास अर्ध्यावर आला असताना फळा पुसून ‘मुलांनो, चुकलं’ असं मी कधी म्हटलेलंच नाही, तर ते तोंडात कुठून येणार? मी पुढचा मुद्दा वाचला. ‘हे बॅलार्ड पिअर. येथून विलायतेला जाणारी भव्य प्रवासी जहाजे सुटत असत.’ आणि समोर कोळ्यांच्या होड्या, टोपल्या उतरताहेत, आणि बोंबलांचा वास असा की सोजरबाईंनी — साहेबरावांच्या पत्नी — पदर नाकाला लावला. तेव्हा पद्मजाबाई हळूच म्हणाल्या, ‘मोठ्या बाई, हा ससून डॉक आहे हो. आपण उलटे चाललोय. विलायतेचं राहू द्या, इथून जेवायला काय जातं ते नाकाला कळतंय.’

सगळे हसले. सुरेंद्रसुद्धा. साहेबरावांनी तर वहीतलं खोडलं. त्यात वाईट काही नव्हतं, घरी रोज त्या मला असंच काहीतरी म्हणायच्या आणि मीही हसायची — पण घरी. विद्यार्थ्यासमोर नाही. आणि मी म्हणाले — अगदी शांतपणे म्हणाले, मला चांगलं आठवतंय, आवाज चढवला नव्हता — ‘पद्मजाबाई, ज्यांना राहायला माझं छप्पर लागतं, त्यांनी मला दिशा शिकवू नयेत.’

...

पाणी आहे त्या तांब्यात. नाही, मला नको. तुम्ही घ्या.

नंतर कुणी हसलं नाही. मी टाचण पूर्ण केलं. अकराच्या अकरा मुद्दे. त्या एका कोपऱ्यात बसून वहीत काहीतरी रेखाटत होत्या. घरी आल्यावर बोलल्या नाहीत असंही नाही — चहा केला, भाजी निवडली, सगळं. आठ दिवस त्या टेबलावर रंगकाम चाललं होतं. नवव्या दिवशी ट्रंक बाहेर आली. माणूस घरातून निघताना ‘येते’ म्हणतो ना? त्या ‘जाते’ म्हणाल्या. आणि मी दारात उभी राहून काय म्हणाले असेन? म्हटलं, ‘छत्री राहिली तुमची.’

आळंदीला असतात. मावशीची खोली आहे नदीकाठी, तिथं. दुकानांच्या पाट्या रंगवून देतात — ‘पेढे व प्रसाद’, ‘तुळशीच्या माळा’. माझ्या शाळेची कलाशिक्षिका! मी गेले नाही. चार वर्षांत एकदाही नाही. माझं म्हणणं असं, की जो घर सोडून जातो त्यानं परतावं. रंगवलेल्या पाट्या घाटाच्या पायऱ्यांवर वाळत घालतात, हल्ली चष्मा जाड झालाय, पाटीला नाक टेकवून काढतात अक्षरं, पण वळण तसंच आहे, ‘प्र’ची गोलाई अजून — कुणी म्हणजे? शालनबाईंनी सांगितलं. त्यांची लेक दिली आहे तिकडे. — वाचता येतं का त्यांना? नाही, शालनबाईंना वाचता येत नाही. …तुम्ही फार लक्ष देऊन ऐकता. ठीक आहे. गेले होते. एकदा. दोनदा. पुलावर उभी राहिले. वरून हाक मारली असती तर ऐकू गेली असती, एवढंच अंतर. पण हाक मारून पुढं काय म्हणायचं? क्षमा कशी मागतात ते मला येत नाही हो. मुलांकडून शंभरदा मागवून घेतली, ‘म्हण, पुन्हा करणार नाही’ — स्वतः म्हणायचा प्रसंग कधी आला नाही. पुढच्याच गाडीनं परत आले.

आणि दुसरं कारण हे चित्र. थांबा, मीच काढते कापड. हे ठेवून गेल्या. जाण्याआधी खिळ्याला टांगलं. पाहा आता. हे गेटवे. हे ताजमहाल हॉटेल. आणि लगेच त्याच्या दक्षिणेला, जिथं असूच शकत नाही तिथं — घड्याळाचा मनोरा! त्याच्या पुढं बॅलार्ड पिअर, विलायतेची बोट धूर सोडते आहे, माणसं रुमाल हलवताहेत. अकराच्या अकरा ठिकाणं, माझ्या टाचणाच्या क्रमानं, सगळी मुंबई उलटीपालटी करून. आणि पुढं ही नौका, पाच जण पाठमोरे बसलेले, आणि ही उभी, हातात कागद घेतलेली — ही मी. याला चेष्टा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? जाताजाता भिंतीवर माझी चूक टांगून गेल्या, रोज दिसावी म्हणून. कापड त्यासाठी. धुळीसाठी नव्हे.

काय? — काय म्हणालात?

पुन्हा सांगा. सावकाश.

मासे. …चेष्टा करायची असती तर मासे काढले असते. होड्या, टोपल्या, नाकाला पदर लावलेल्या सोजरबाई — त्यातच तर सगळी गंमत होती. बरोबर आहे. एकही मासा नाही. चार वर्षांत मी — थांबा, चष्मा — नाही. कुठंच नाही. पाण्यातसुद्धा नाही. आणि या माझ्या चेहऱ्याकडे पाहा, मी अशी कधी दिसत होते? एवढं शांत? वारा केसांत, आणि जिकडं बोट केलंय तिकडं ते ते उभं आहे. मनोरा म्हटलं, तर मनोरा. जहाज म्हटलं, तर जहाज. आठ दिवस बसल्या होत्या त्या टेबलाशी, पाठ दुखायची त्यांची — आणि मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र मनातल्या मनात वाचत होते, मोठ्यानं वाचायचं नाही म्हणून.

चार वर्षं मी त्याच्यावर कापड टाकलं.

नाही, बसू नका आता. उठा. खोली रिकामी नाही. तुमची खेप वाया गेली, त्याबद्दल — मला — त्याबद्दल मला क्षमा करा. पाहा, आला की शब्द. जाताना फाटकावरची ती पाटी तेवढी काढून ठेवा; दोरी तोडू नका, गाठ सोडा, दोरी चांगली आहे. आणि तुम्ही रोज भोसरीला जाता, आळंदीची गाडी तिथूनच मिळते ना? दहाची? मग वेळ थोडाच आहे. काय बोलायचं त्याचं टाचण काढायला हवं, कागद कुठं — नाही. राहू द्या. टाचण नको.

चला, निघा तुम्ही. दार लावू नका. मलाही बाहेर पडायचं आहे.