तीन गाठींचं फडकं

(नागपूर, १९७३ चा एप्रिल. कॉलेजातली प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. टेबलावर सूक्ष्मदर्शक आणि ओल्या फडक्यांत बांधलेल्या डहाळ्यांच्या तीन जुड्या. किड्यांवर संशोधन करणारी शामला, तिचे सर ताराचंद आणि खेड्यातून आलेली भागीरथा.)

भागीरथा : मले लिवता येत नाही, म्हनून गाठी मारल्या. एक गाठ म्हनजे माह्या भोकराच्या बुडातले फुटवे. दोन गाठी कवडूचं लिंबू. अन् तीन गाठी महादेवरावच्या विहिरीवरचा सिरस. नरखेडवरून दोन एस्ट्या बदलून आली पोरी, पन फडकं वाळू नाही देल्लं.

शामला : भोकर पुन्हा फुटलं, मावशी?

भागीरथा : फुटलं. मुळं कोनं खोदली होती? तुहा किडा खरा कोन्त्या झाडाचा, ते तू पाह्य आता. तुह्या चिठ्ठीपाई गेलं ते.

ताराचंद : बाई, शामलानं झाड तोडायला सांगितलं नव्हतं. नवा कीटक सापडला, तर तो कोणत्या झाडावर जगतो ते नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहावं लागतं. तिनं भोकर लिहिलं.

भागीरथा : कोठी लिवलं सर? महादेवरावच्या ओसरीत बसून! त्यानं वाचलं. त्याच्या दोनशे संत्र्याले सिला, तो रस पिनारा किडा, लागला होता. हा बी तसाच उड्या मारनारा किडा. आठ दिवसांत कुऱ्हाड घेऊन आले. माह्या घरच्यानं लावलेलं झाड होतं ते. बरं, झाड गेलं तं गेलं. पन दोन वर्सं झाले, बाया माह्या ओट्यावर टेकत नाहीत. हिच्या झाडानं आमच्या बागा खाल्ल्या, म्हन्तेत.

शामला : मले माहीत नव्हतं मावशी. खरंच नव्हतं.

भागीरथा : पाह्य ना आता. काहून थांबली?

शामला : एका गाठीच्या जुडीत, भोकरावर, काहीच नाही. एकही पिल्लू नाही. कवडूच्या लिंबावर तुमचा नेहमीचा संत्र्याचाच सिला आहे, तो वेगळा. सर, ही तिसरी तुम्ही पाहा.

ताराचंद : हं. कोवळ्या शेंड्यात पिल्लं आहेत. चपटी, हिरवट, मागे मेणाचे पांढरे धागे. आणि हा एक नुकताच कात टाकून निघालाय. पंखावर तेच तपकिरी ठिपके. आपलीच जात, शामला. हिचं झाड सिरस, म्हणजे शिरीष.

भागीरथा : मंग माह्या झाडावर काय करत होती?

शामला : बसली होती, मावशी. हिवाळ्यात सिरस उघडा पडतो, मग हे किडे दिसेल त्या हिरव्या झाडावर जाऊन बसतात. पिल्लं जिथं वाढतात तेच त्यांचं झाड. मी पिल्लं शोधलीच नाहीत. थंडीत भोकरावर जाळी फिरवली, दहा मोठे किडे सापडले, आणि लिहून मोकळी झाले. चूक माझी आहे.

भागीरथा : संत्रं खाते का हा?

शामला : तोंडसुद्धा लावत नाही.

ताराचंद : सोमवारी या किड्यावरचा आपला लेख छपाईला जातोय. भोकर खोडायचं, सिरस लिहायचं, संपलं. आपली चूक आपणच छापायची काही गरज नाही.

शामला : मी छापणार, सर. आणि महादेवरावांच्या त्याच ओसरीत गाव बसवून वाचून दाखवणार.

ताराचंद : म्हणजे ते आता सिरस तोडतील.

भागीरथा : तोडू नका म्हन त्यायले! त्यानं कोनाचं काय खाल्लं?

शामला : सांगते, मावशी. तुमच्या शेजारी बसून सांगते.

ताराचंद : लिही मग. ती चिठ्ठी मीही तपासली होती. माझंही नाव घाल.

शामला : भोकरावर काट मारते, सर.

भागीरथा : थांब वं. काट नको मारू.

शामला : पन ते त्याचं झाड नाहीच, मावशी.

भागीरथा : नसू दे. थंडीत बसाले जागा देल्ली होती. तेवढं लिव.