टॅटूतल्या बाळाची तीट

अगं, माझ्या लेकीचा, ओवीचा चेहरा हातावर काढून घ्यायला मी कांदिवलीत टॅटूवाल्याकडे गेले होते ना, तिथली गंमत ऐक. मी त्याला आधीच सांगितलं, "दादा, गालावर तीट पाहिजे. हात उघडाच असतो, दिवसभर कोणाकोणाची नजर लागेल."

तो म्हणाला, "ताई, फोटोसारख्या रिअलिस्टिक टॅटूत काळा ठिपका डाग वाटेल. त्यापेक्षा डॉटवर्क करू, सगळा चेहराच ठिपक्यांचा."

"मग त्यातली तीट कुठली, ते नजरेला कसं कळणार?"

"वॉटरकलर घ्या मग. रंग ओघळल्यासारखे दिसतात."

"नको बाबा, पोरीला सर्दी झाल्यासारखं वाटेल."

तो वैतागलाच. "ताई, चित्राला कसली नजर लागते? हे बघा." त्याने बाही वर केली. दंडावर त्याची स्वतःची मुलगी होती, अगदी हुबेहूब. तीट मात्र नव्हती.

मला राहवेना. "ही आजारी पडते का हो सारखी?"

"दर महिन्याला," तो म्हणाला.

मग त्याने मशीन चालू केलं आणि सुई स्वतःच्याच दंडाला लावली. "ताई, पाच मिनिटं बसा. आधी हिची तीट काढतो."