गालातली गोळी

—अहो ताई, बाळ आहे ते, काचेचं भांडं नाही, इतकं घाबरून काय धरताय? हां, अशी. आता श्वास सोडा. तुमचा हो, तिचा चाललाय व्यवस्थित! दोन मुलं वाढवलीत तुम्ही, आणि माझ्या खोलीत आलात की अशा बसता, जणू खुर्चीचा रंग अजून ओला आहे. तुमची वेडी भावजय चावत नाही हो — चावायची असती तर पहिल्या आठवड्यातच चावली असती, तेव्हा मी जरा फॉर्मात होते. — हसलात! तुमच्या भावाला सांगते, ताई हसल्या. त्याचा विश्वास बसायचा नाही.

दाराकडे काय बघताय? सिस्टर आहेत त्या. विणकाम करताना दिसतात, पण लक्ष सगळं आत. दार अर्धं उघडं ठेवायचं, हा इथला नियम. बाळंतपणानंतर डोकं बिघडलेल्या आम्ही चौघी आणि आमची बाळं — बाळांना आमच्यापासून तोडत नाहीत, एवढं मात्र फार चांगलं करतात. फक्त त्यांच्याजवळ आम्हाला एकटं सोडत नाहीत. आधी राग यायचा मला. आता मीच त्यांची फिरकी घेते. म्हटलं, सिस्टर, आल्यापासून बघतेय, एकच मोजा विणताय, हत्तीचं माप घेतलंत की काय?

आणि उद्या घरी! सकाळी डॉक्टरबाई येणार, मला बघणार आणि हो म्हणाल्या की आम्ही दोघी निघालो. म्हणतीलच की. का नाही म्हणणार? सांगा, कशी दिसते मी? ताजीतवानी ना? काल पहाटेपर्यंत टक्क जागी होते, तरी सकाळी उठून खिडक्या पुसल्या, कपाट लावलं, शेजारणीच्या बाळाचे कपडे धुतले — धुतलेलेच होते, ती बिचारी वैतागली. एवढा हुरूप! त्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, जीभ जड व्हायची. — नाही, आता नाही येत. येईल कशी?

सांगू? तुम्हाला सांगायला काय हरकत, तुमच्यामुळेच तर सुचलं. हळू बोलते हां. सिस्टर गोळी देतात, पाणी देतात, मग आ करायला लावतात. मी शहाण्या मुलीसारखी आ करते. गोळी इकडे — दाढेच्या मागे, गालात! मग पाठ फिरवून हिचा डायपर बदलायचा, गोळी त्यात गुंडाळायची, डब्यात टाकायची. भरलेला डायपर कोण उघडून बघतंय? हसा ना ताई, हुशारी आहे की नाही? — असं काय बघता? तुम्हीच म्हणालात ना मागच्या खेपेला, दूध पाजतेस, तुझ्या पोटातलं सगळं हिच्या पोटात जातं, जरा विचार कर? केला विचार. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, दूध पाजताना चालतील अशाच गोळ्या निवडल्यात म्हणून. पण डॉक्टरबाई काही हिची आत्या नाही. मी आत्याचं ऐकलं. — अहो, तुमच्यावर ढकलत नाहीये. मला तेच ऐकायचं होतं, तुम्ही नुसतं बोललात.

बरं, ते जाऊ द्या, अजून एक गंमत. हिचा कान बघा. तो नाही, इकडचा. घरी होती तेव्हा पाळी चिकटलेली होती ना? आता सुटी आहे. काल दुपारपासून बघतेय मी. न्हाऊ घालताना बघितलं, झोपल्यावर बघितलं. आता चार बाळं एका ठिकाणी, दुपटी सगळ्यांची सारखी — माणसं चांगली आहेत हो इथली, पण अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो? म्हणून म्हटलं, उद्या निघायच्या आधी त्यांना जरा गोडीगुलाबीनं विचारावं, आमची खरी कुठे ठेवलीत ते—

थांबा.

हे मी आधीही म्हटलं होतं ना? घरी? कानाचंच. आणि मग हिला जिन्यात ठेवून आले होते, खऱ्या आईनं न्यावी म्हणून. तुम्ही उचललंत. गार पडली होती, असं तुमचा भाऊ म्हणाला. तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

ताई, आत्ता कळतंय मला. आत्ता, या मिनिटाला. पुढच्या मिनिटाचं नाही सांगता येत. भीती वाटतेय. मला ही हवी आहे हो, हीच हवी आहे, म्हणून सांगते — माझ्याकडे देऊ नका. मी मागेन. गोड बोलेन, तुम्हाला हसवेन, बोलण्यात मला कोण हरवणार? तरी देऊ नका. घेऊन जा तिला, आणि सिस्टरला सगळं सांगा, गालातलं, कानाचं, सगळं. उद्याचं राहू द्या. — रडताय काय? उठा. आधी उठा ताई, रडायचं मग.