पेलेटच्या शेगडीवर पाळत

...आन वरून पोरगं म्हणे दार-खिडकी उघडी ठेवा! आता तुमीच सांगा राजेहो, जी शेगडी पेटवाच्या आधी घराचं दार उघडं टाका लागते, तिच्यावर कोणी भरोसा करीन का? दार उघडं म्हंजे माशी आत, मांजर आत, आन शेजारच्या बंडूजीचं नाक आत! मी कोणाले काही म्हणत नाई, पण शंका त येतेच ना!

झालं काय, आमच्या बायकोचा, प्रमिलेचा, खोकला. बाईनं सारा जनम चुलीपुढं फुकणी फुकली, आता अंगणातून ओट्यावर चढली तरी छातीत बाजाची पेटी वाजते. सेलूचा डॉक्टर म्हणे, "काका, धूर बंद करा, नाही तर काकूंचा श्वास बंद होईल." असं तोंडावर! घरी गॅस हाये, नाई कशाले म्हणू? पण तो चहापुरता. ज्वारीची भाकर बाईले जाळावरच पायजे, "गॅसवरची भाकर रबरावानी लागते" म्हणते. मंग आमच्या पोरानं, प्रफुलनं, वर्ध्यावरून पेलेटची शेगडी आणली. लोखंडाचा डब्बा, वर-खाली बारीक-बारीक भोकं, बाजूले पंखा, आन पंख्याले चार्जिंग. शेगडीले चार्जिंग! उद्या पाट्यावरवंट्याले सिमकार्ड टाकान!

थैलीत हात घातला त ढोरायच्या गोळीपेंडीसारख्या कांड्या. म्हटलं, हे कायचं रे? "बाबा, ही कपाशीची पऱ्हाटी आहे. दळून, दाबून पेलेट केलेत." म्हंजे पाहा तुमी! माह्याच वावरातली पऱ्हाटी नेते, दाबते, आन थैलीत भरून मलेच देते! मी कोणाले काही म्हणत नाई, पण शंका त येतेच ना!

आन त्याचे ते नियम! "बाबा, पेलेट वरच्या भोकांच्या खालीच भरायचे, काठोकाठ नाही. वरून दोन काड्या पेटवायच्या, रॉकेल अजिबात नाही. जळत्या शेगडीत थैली ओतायची नाही. राख थंड झाल्यावरच काढायची. पेलेटला पाणी लागू द्यायचं नाही." एवढे नियम त आमच्या लग्नात भटजीनं सांगितले नाई! पण पेटवली आन राजेहो... सूं सूं आवाज, पिवळीजर्द आच, आन धूर? नावाले नाई! प्रमिला भाकरी टाकून राह्यली, आन मी वसरीत कान देऊन बसलो, आता खोकलीन, मंग खोकलीन... नाई खोकलली. खोटं कशाले सांगू, डोळ्यात पाणी आलं माह्या, आन पहिल्यांदा ते धुराचं नोहतं.

हप्ताभर बरं चाललं. मंग शेगडी रुसली. पेटे, धुसफुसे, आन भक्कन काळा धूर! खोकला परत सुरू. प्रमिला म्हणे, "जाऊ द्या, माही चूलच बरी." म्हटलं, खबरदार! चुलीपुढं बसाचं नाई! याच्यात कोणाचा तरी हात हाये, मी शोधतो.

पहिली शंका पेलेटवाल्यावर. कांडी मोडून पाहिली, हुंगली, चाटून पाहिली... हसू नका, तुमी बी चाटली असती! कोरडी ठाक. मंग पंखा, कानाले लावला, फिरून राह्यला बिचारा. प्रफुलले फोन केला त म्हणते, "बाबा, खालची भोकं बघा बरं, हवा मिळत नसेल." म्हटलं, बापाले आंधळा समजते का? भोकं फॅक्टरीतून येते, ते का पाय फुटून जातीन? नाई पाहिली!

राह्यला कोण? बंडूजी! शेगडी आल्यापासून कुंपणावरून मान लांब. "काऊन रूपराव, तुमच्या घरून धूर दिसत नाई, सयपाक बंद हाये का?" आता जो माणूस दुसऱ्याच्या धुरावर ध्यान ठेवते, त्याले काय म्हणाचं? आन दार त आपलं उघडंच, नियमानं! मी कोणाले काही म्हणत नाई, पण...

ठरवलं, रंगेहात पकडाचा. पहाटे कोठ्यात म्हशीच्या मागं दडलो. म्हशीले काही ते पटलं नाई, शेपटी दोनदा माह्या तोंडावर हाणली, पण मी हूं का चूं नाई. तेवढ्यात पावलं वाजली... आला! उघड्या दारातून आत पाहिलं त कोण? बंडूजी? नाई! प्रमिला! हातात शेणामातीचं पोतेरं! बसली शेगडीपुढं आन त्या डब्ब्याले असं मायेनं सारवून राह्यली का जसं लेकरू न्हाऊ घालते! खालची भोकं त बोटानं दाबून-दाबून बुजवली! वर हळदीकुंकू!

तुमी म्हणान, रूपराव, शेगडी सारवलेली दिसली नाई का तुमाले? दिसली ना! पण आमच्या घरी चूल सारवलेलीच असते, त्याच्यात काय पाहाचं?

म्हटलं, "काऊन वं, हे काय करून राह्यली?" ती काही दचकली नाई. "काय म्हंजे? पोरानं माह्या जिवासाठी आणली, तिले पारोशी ठेवू का?"

मी बाभळीचा काटा आणला, एक-एक भोक टोकरलं, शेगडी पेटवली. सूं सूं! धूर गायब. मंग तह झाला, सारवाचं, पण भोकं सोडून. पण तिले जवळचं दिसत नाई, चष्मा ती लावत नाई, आन दुसऱ्या कोणाच्या हाती पोतेरं द्याले माहा कोणावर भरोसा नाई. म्हणून आता रोज पहाटे आंघोळ करून मीच बसतो शेगडीपुढं, एका हातात पोतेरं, दुसऱ्यात काटा.

काल पाहतो त कुंपणावर बंडूजीची मान! "काऊन रूपराव, पहाटेपहाटे डब्ब्याले शेण लावता, कुंकू लावता, काट्यानं टोचता... कोणावर करणी करून राह्यले का? मी कोणाले काही म्हणत नाई, पण शंका त येतेच ना!"

आता काय करान... दार त उघडंच ठेवा लागते!